काळी एक आणि चाळीस मिलिसेकंद

मैफलीत सगळ्यांत आधी ठरते ती गायकाची पट्टी. पुरुषांचे आवाज बहुधा काळी एकच्या आगेमागे लागतात, बायकांचे काळी चार-पाचच्या. काळी एक म्हणजे सेकंदाला साधारण १३८ कंपनं, काळी चार म्हणजे २०८ च्या आसपास. तंबोरे त्या पट्टीत जुळले की पुढे तीन तास प्रत्येक सुराची ओळख त्या षड्जाशी असलेल्या नात्यातूनच होते. समोर बसलेल्याला षड्ज कुणी दाखवून द्यावा लागत नाही. ज्यानं गाणं शिकलेलं नाही, त्याच्याही कानात तो मिनिटाभरात जाऊन बसतो.

संगणकाला तो सांगावा लागतो, नाहीतर शोधायला शिकवावा लागतो. ध्वनिमुद्रणाच्या फायलीत षड्ज कुठे लिहिलेला नसतो. तिथे असतात सेकंदाला ४४,१०० आकडे. सर्वांत ठळक कंपनसंख्या शोधून तिला षड्ज म्हणावं, हा पहिला विचार कुणालाही सुचेल. पण तंबोऱ्याची पहिली तार पंचमाची असते आणि खर्जाच्या तारेतून पंचम व गंधार आपसूक उमटत असतात. गायक मध्यमावर किंवा पंचमावर रेंगाळला, तर ठळकपणाच्या हिशेबात षड्ज मागे पडतो. म्हणून यंत्राला एकटा स्वर पाहून चालत नाही. कोणते दोन-तीन स्वर कायम जोडीनं उभे आहेत आणि त्यांच्यात अंतर किती आहे, हे तपासून कोण कुणाच्या आधारानं उभं आहे ते त्यानं ठरवायचं. हा प्रश्न सुटल्याशिवाय राग ओळखणं, बंदिशी शोधणं, शिकणाऱ्याचा सूर तपासणं, यांतलं काहीच पुढे सरकत नाही.

आता हा प्रश्न कुठल्या विभागात शिकायचा? संगीताच्या, की अभियांत्रिकीच्या? महाराष्ट्रात ही विचारणा करणारी मुलं पुष्कळ आहेत. शाळेपासून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत आलेली आणि त्याच वर्षांत अभियांत्रिकीला गेलेली मुलंमुली आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. पदवीनंतर घरात बहुधा एकच प्रश्न निघतो: गाणं की नोकरी? या प्रकरणात ज्या अभ्यासाची ओळख करून घ्यायची आहे, तो या दोन्हींच्या मधोमध उभा आहे. माझ्या मते त्यासाठी लागणारी सर्वांत दुर्मीळ पात्रता या मुलांकडे आधीच असते. ती म्हणजे तयार कान.

ही पात्रता दुर्मीळ का, ते पाहण्यासाठी एक तान घेऊ. सेकंदाला आठ स्वर अशा गतीची तान असेल, तर एका स्वराच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. त्यातही स्वर सरळ उभा नसतो. तो आधीच्या स्वरातून येतो आणि पुढच्यात जातो. ही हालचाल पकडायची तर आवाजाचे छोटे तुकडे करून प्रत्येक तपासावा लागतो. समजा, तुकडा चाळीस मिलिसेकंदांचा घेतला. एवढ्या वेळात काळी एकच्या षड्जाची जेमतेम साडेपाच आवर्तनं होतात. फूरियेच्या गणिताचा नियम असा की चाळीस मिलिसेकंदांच्या तुकड्यातून कंपनसंख्या वाचताना दोन सुरांत किमान २५ हर्ट्झचं अंतर असावं लागतं, नाहीतर ते एकमेकांत मिसळलेले दिसतात. आणि काळी एकच्या षड्जापासून कोमल रिषभ फक्त ८ हर्ट्झवर असतो. तुकडा मोठा केला तर सूर स्पष्ट होतो, पण मींड पुसली जाते. लहान केला तर मींड दिसते आणि सूर धूसर होतो.

यातून सुटायचे मार्ग आहेत. आवाजात मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, दहापट कंपनसंख्येचे उपस्वरही असतात. दहाव्या उपस्वरापाशी षड्ज आणि कोमल रिषभ यांच्यातलं अंतर ८ चं ८२ हर्ट्झ झालेलं असतं. म्हणून सगळ्या उपस्वरांची साक्ष एकत्र घेऊन मूळ सूर ठरवतात. दुसरा मार्ग म्हणजे लाट स्वतःवरच थोडी थोडी सरकवत न्यायची आणि ती स्वतःशी पुन्हा कुठे जुळते ते पाहायचं. हे झालं एकट्या गळ्याचं. मैफलीत पेटीही असते आणि ती गायकाच्या मागोमाग तेच स्वर वाजवत असते, म्हणजे तेच उपस्वर, अगदी त्याच जागी. शिवाय तबल्याची चाटही षड्जात मिळवलेली! या गर्दीतून गळा वेगळा काढायला पवईच्या आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी वापरलेली एक खूण मला फार आवडते. पेटीचा सूर पट्टीसारखा स्थिर असतो, गळा कधीच तितका स्थिर नसतो. तो सतत बारीक हलत असतो. जे उपस्वर हलतात ते गळ्याचे, जे ताठ राहतात ते पेटीचे. पेटीवर मींड निघत नाही हे साथसंगतीला बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. इथे त्या जाणिवेचं गणित झालं.

या विषयाचा जन्मही असाच कानातून झाला आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्यानं आयबीएम ७०४ या यंत्राकडून आज्ञावलीद्वारे संगीत वाजवून घेतलं. ती रचना १७ सेकंदांची होती. १९६३ मध्ये मॅथ्यूजनं ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं की संगणकातून कुठलाही ऐकू येण्याजोगा आवाज निर्माण करता येईल. हा लेख स्टॅनफर्डमध्ये संगीतरचना शिकणाऱ्या जॉन चाउनिंगच्या हाती आला. चाउनिंग तालवाद्य वाजवणारा, पॅरिसमध्ये नादिया बूलांजेकडे शिकून आलेला संगीतकार. संगणकाशी त्याचा संबंध नव्हता. तो बेल प्रयोगशाळेत गेला, पंच कार्डांचा एक खोका घेऊन परतला आणि स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थ्याच्या मदतीनं ती आज्ञावली तिथल्या यंत्रावर चालू केली.

१९६७ मध्ये तो सुराच्या कंपावर प्रयोग करत होता. आपल्याकडे स्वराला आंदोलन देतात तसं एका सुराला दुसऱ्या सुरानं हलवायचं. हलवण्याचा वेग आणि पल्ला तो वाढवत नेत राहिला, कुठल्याही गळ्याला किंवा बोटाला झेपणार नाही इतका. एका टप्प्यावर हलणं ऐकू येईनासं झालं आणि आवाजाचा पोतच बदलला. सूर घंटेसारखा, पितळी वाद्यासारखा वाजू लागला. दोन साध्या लहरींतून एवढा भरीव नाद निघतो हे त्याला आधी ऐकू आलं. त्याचं गणित नंतर जुळलं. १९७३ मध्ये त्यानं ते शोधनिबंधात मांडलं. मधल्या काळात स्टॅनफर्डनं त्याला कायम केलं नव्हतं, आणि अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्या कंपन्यांना या शोधात रस वाटला नव्हता. जपानच्या यामाहानं मात्र तो घेतला. विद्यापीठानं चाउनिंगला परत बोलावलं आणि १९७५ च्या सुमारास संगीत व ध्वनिशास्त्रातल्या संगणकीय संशोधनाचं केंद्र उभं राहिलं. त्याला सगळे ‘कार्मा’ म्हणतात. १९८३ मध्ये याच शोधावर चालणारा यामाहाचा डीएक्स ७ हा सिंथेसायझर बाजारात आला आणि त्या दशकातल्या जगभरच्या लोकप्रिय संगीतावर त्याचा आवाज पसरला. या शोधाचं पेटंट पुढे स्टॅनफर्डला सर्वाधिक उत्पन्न देणाऱ्या पेटंटांपैकी एक ठरलं.

संगीताचा माणूस यंत्राकडे गेला, त्यानं ऐकलं आणि अभियंत्यांना न सुचलेला प्रश्न विचारला. या क्षेत्रातलं चांगलं काम आजही याच क्रमानं होतं.

आपल्याकडे ही वाट संगणकाच्याही आधीची आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेची लांबी मोजून श्रुतींचा हिशेब मांडायला घेतला तेव्हा कान होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये पुण्यात निघालं. १९१६ च्या बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींवरून जोरदार वाद झाले. देवलांचे सगळे निष्कर्ष आज टिकतात असं मी म्हणणार नाही. पण गायकाला समोर बसवून त्याच्या गळ्यातून मोजमाप घ्यायचं, ही त्यांची पद्धत आजच्या प्रयोगशाळेची पद्धत आहे. त्याच सुमारास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात भारतीय वाद्यं अभ्यासली. तबल्या-मृदंगाच्या शाईमुळे चामड्याची कंपनं सुरेल प्रमाणात येतात, हे १९२० मध्ये त्यांनी दाखवलं. आणि तंबोऱ्याच्या रुंद, किंचित उतरत्या घोडीमुळे एरवी त्या तारेतून येऊच नयेत असे उपस्वरही ऐकू येतात, हे त्यानंतर लगेच. तंबोऱ्याच्या या गुंजनाला जवारी म्हणतात; ती लावणारे मिरजेचे कारागीर हे कानानं आणि कानसेनं साधत आलेले होते. संगणकात जवारीची हुबेहूब प्रतिकृती बनवणं हा आजही संशोधनाचा विषय आहे.

मुंबईत नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएत, १९८० च्या दशकात बर्नार बेल या फ्रेंच संशोधकानं गायनाची रेषा काढणारं यंत्र चालवलं. लखनौ घराण्याच्या तबल्याचे कायदे व्याकरणासारखे मांडणारी ‘बोल प्रोसेसर’ ही आज्ञावलीही त्यानं तबला शिकलेल्या जेम्स किपनसोबत तयार केली होती. ती ॲपलच्या छोट्या घरगुती संगणकावर चाले. पुढे एनसीपीएच्या सुवर्णलता राव आणि ॲम्स्टरडॅम विद्यापीठाचे विम व्हान डर मीर यांनी रागगायनाचे चलत्-आलेख तयार केले: गाणं चालू असताना पडद्यावर सुराची रेषा सरकत जाते आणि गायकानं गंधार कुठून घेतला ते डोळ्यांना दिसतं. हा आलेख पहिल्यांदा पाहणाऱ्या बहुतेकांना धक्का बसतो, कारण आपण ज्यांना स्वर म्हणतो ते ठोकळे त्यात क्वचितच दिसतात. दिसतात ती वळणं.

भूप आणि देसकार या जोडीवर आयआयटी मुंबईत झालेलं काम म्हणूनच महत्त्वाचं आहे. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. कोणता स्वर किती वेळ लागला याचा तक्ता मांडला तर भूपात गंधार आणि देसकारात धैवत वर येतो. पण तेवढ्यावर भागत नाही. स्वर कुठून येतो, किती लांबतो, कुठे थांबतो हेही मोजावं लागतं. विशारदच्या तोंडी परीक्षेत ‘समप्रकृतिक रागांतला फरक गाऊन दाखवा’ हा प्रश्न ज्यानं पचवलाय, त्याला काय मोजायचं ते माहीत असतं. नुसतं गणित येणाऱ्याला ते दुसऱ्या कुणाकडून तरी शिकावं लागतं.

२०११ ते २०१७ या काळात बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेर्रा यांनी ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प चालवला. युरोपीय संशोधन परिषदेच्या पैशांवर चाललेल्या या कामात हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, अरब-अंदालुसी आणि बीजिंग ऑपेरा या पाच परंपरा होत्या. सेर्रांचं म्हणणं साधं होतं: संगीतशोधनाची सगळी साधनं पाश्चात्त्य संगीत गृहीत धरून बनली आहेत, तेव्हा दुसऱ्या परंपरांचे प्रश्न त्या परंपरांतूनच यायला हवेत. आयआयटी मुंबईतल्या प्रीती राव आणि आयआयटी मद्रासमधल्या हेमा मूर्ती यांचे गट त्यात भागीदार होते. भारतातले कितीतरी विद्यार्थी या निमित्तानं बार्सिलोनाला गेले आणि डॉक्टरेट करून आले. त्यांतल्या काहींनी पुढे रियाजाला मदत करणारी ॲपही बनवली. संगीत-माहितीशोधनाची ‘इस्मिर’ ही जागतिक परिषद २००० पासून भरते. २०२२ ची परिषद बेंगळुरूला झाली.

आता शिकायचं कुठे. अभ्यासक्रमाच्या नावावरून निवड करणं मला धोक्याचं वाटतं, कारण एकाच नावाखाली फार वेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. केंद्र कुठल्या विभागात आहे हे आधी पाहावं. कार्मा स्टॅनफर्डच्या संगीत विभागात आहे, मॅगिलचा संगीत-तंत्रज्ञानाचा गट माँट्रियलच्या संगीत विद्यालयात; तिथे तुमचं संगीत ऐकलं जाईल. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातलं डिजिटल संगीत केंद्र इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्राच्या विभागात आहे, बार्सिलोनाचा गटही अभियांत्रिकीच्या बाजूचा. तिथे रेषीय बीजगणित आणि संभाव्यता पक्की लागते. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये संगीत-तंत्रज्ञानात एमएस आणि पीएचडी दोन्ही आहेत. पॅरिसचं ‘इर्काम’ पियर बूलेझ यांनी १९७७ मध्ये सुरू केलं. तिथल्या पदव्युत्तर अभ्यासाला फ्रेंच यायला हवं. अमेरिकेत पीएचडीला बहुधा शिष्यवृत्ती आणि फी-माफी मिळते, मास्टर्सचा खर्च बहुधा आपल्या खिशातून जातो. हा फरक कर्ज काढण्याआधी घरच्यांसमोर मांडायला हवा.

आणि परदेशी जाणं सक्तीचं नाही. गेट देऊन आयआयटी मुंबईत किंवा मद्रासला विद्युत किंवा संगणक विभागात एमटेक वा पीएचडीला जावं आणि ध्वनिसंस्करणाच्या प्रयोगशाळेत संगीताचा विषय घ्यावा. पदवीवर ‘संगीत’ हा शब्द नसेल, काम मात्र तेच असेल. पुण्याच्या एफटीआयआयमधला ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा अभ्यासक्रम उत्तम आहे, पण त्याची दिशा चित्रपटाच्या आवाजाची आहे. संशोधनाची आवड असणाऱ्यानं हा फरक ओळखून अर्ज करावा.

तयारीबद्दल. पदवीच्या काळातला ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’ हा विषय पुष्कळ मुलं पास होण्यापुरता करतात. या वाटेवर तोच पाया आहे. पायथन यायला हवी. ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ हे क्वीन मेरीचं आणि ‘प्रात’ हे ॲम्स्टरडॅमच्या ध्वनिवैज्ञानिकांनी बोलण्याच्या अभ्यासासाठी बनवलेलं, अशी दोन्ही साधनं फुकट मिळतात. आपल्याच आवाजातला यमन मुद्रित करून त्याची रेषा काढून पाहावी. सेर्रा आणि स्टॅनफर्डचे ज्युलियस स्मिथ यांनी मिळून केलेला ध्वनिसंस्करणाचा ऑनलाइन अभ्यासक्रम या कामाची जवळजवळ पूर्ण ओळख करून देतो. आणि रियाज थांबवू नये. ‘आधी मास्टर्स होऊ दे, मग गाणं’ असं म्हणणाऱ्यांचं गाणं सुटतं आणि त्यासोबत त्यांचं वेगळेपणही.

अर्जासोबतच्या निवेदनात ‘मला लहानपणापासून संगीताची आवड आहे’ असं सगळेच लिहितात. त्याऐवजी एक प्रश्न लिहावा. उदाहरणार्थ, तबल्याचा एकच आघात एका बोलात ‘ना’ म्हणून ओळखला जातो आणि दुसऱ्यात ‘ता’ म्हणून. मग नुसत्या आवाजावरून बोल लिहून काढणारं यंत्र कुठे अडेल? असा प्रश्न वाचला की प्राध्यापक थांबतात. मग त्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले शोधनिबंध वाचून, त्यातल्या एखाद्या उणिवेबद्दल नेमकं विचारणारं छोटं पत्र पाठवावं.

नोकरीचं काय, हे पालक विचारणारच. गाणं ऐकून त्याचं नाव सांगणारं ‘शाझाम’ ज्या पद्धतीवर चालतं ती शोधणारे एव्हरी वँग कार्मात शिकलेले होते. श्रवणयंत्रं, फोनमधली गोंगाट कमी करणारी व्यवस्था, संगीत ऐकवणाऱ्या कंपन्यांची शिफारस-यंत्रणा, आवाजावर चालणारे साहाय्यक: या सगळ्यांना हेच गणित लागतं. संगीत सोडून आवाजाच्या दुसऱ्या शाखेत जायची मुभा कायम राहते. आता आज्ञा दिल्यावर गाणं तयार करून देणाऱ्या प्रणाली आल्या आहेत, आणि त्या कुणाच्या आवाजावर शिकल्या, त्या गायकांना विचारलं होतं का, हा वाद जगभर कोर्टात पोचला आहे. या शाखेत येणाऱ्यानं संमतीचा प्रश्न पहिल्या दिवसापासून आपला मानावा, असं मला मनापासून वाटतं. मैफलीचं ध्वनिमुद्रण म्हणजे कुणाचं तरी आयुष्यभराचं काम असतं.

महाराष्ट्रात करण्यासारखं काम अमाप आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी पुण्यातून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल याच कामाच्या संगणकीय संग्रहातही होते, आणि आता तो संग्रह ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयात सर्वांना खुला आहे. शब्दांच्या आणि विषयांच्या अंगानं त्याची मांडणी झाली आहे. चालींच्या अंगानं ती करायची तर षड्ज सांगणारा तंबोरा तिथे नाही, ताल आहे तो जात्याच्या घरघरीचा, आणि गाणाऱ्या दोघीतिघींचे आवाज एकमेकींवर आलेले. पट्टी शोधण्याच्या आजच्या बहुतेक पद्धती या ध्वनिमुद्रणांवर अडखळतील. दुसरं काम जुन्या तबकड्यांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रामोफोन तबकड्या नेमक्या ७८ च्याच वेगानं मुद्रित होत असं नाही, आणि वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की पट्टी एका पूर्ण स्वरपट्टीनं, काळी एकची पांढरी दोन अशी, सरकते. त्या काळच्या गायकांच्या पट्ट्यांबद्दल आज जे ठामपणे बोललं जातं त्यातलं बरंच या वेगावर अवलंबून आहे. वेग बदलला की सुराबरोबर ‘आ’ आणि ‘ई’ या स्वरांचा नादही बदलतो, माणसाचा घसा लहान किंवा मोठा झाल्यासारखा. एकाच गायकाच्या निरनिराळ्या तबकड्यांमधले हे ‘आ’कार एकमेकांशी ताडून पाहिले, तर कोणती तबकडी किती वेगानं फिरवायची याचा अंदाज बांधता येईल. एमटेकच्या प्रबंधाला हा विषय अगदी योग्य आकाराचा आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या तबकड्या आपल्याकडच्या संग्राहकांच्या कपाटांत आहेत.